बाहीची गाठ

१

"…नवरा कुठं गेलाच न्हाई तिचा. घरातच हाय. मी सांगते ना, त्या—"

एवढंच माझ्या कानावर पडलं आणि गिरणीची लाईट गेली. पट्टा फडफडत थांबला. बानूबाईचं तोंडही थांबलं, कारण तेवढ्यात तिला दारात मी दिसले. पीठ उडून तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, त्या तशाच वर अडकून राहिल्या.

"कुणाचा गं नवरा?" मी विचारलं.

"कुनाचा न्हाई. टीव्हीतलं सांगत हुते."

"कुठल्या मालिकेतलं?"

"गिताबाई, तू कोंडा न्यायला आलीस का चौकशीला?"

दोन्हीला आले होते, पण तसं तोंडावर म्हणता येत नाही. आमच्या कारेगावच्या गल्लीत मला सगळे चौकशी ऑफिस म्हणतात, मला ठाऊक आहे. म्हणू देत. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली नाही तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही, असा माझा स्वभाव आहे.

कुणाचा नवरा हे खरं तर विचारायची गरज नव्हती. माझ्या हातातली पिशवी तिच्यासाठीच होती. गव्हाचा कोंडा गिरणीतून विकत नेणारी आख्ख्या गल्लीत एकच बाई, तेजश्री. प्रश्न एवढाच होता की 'त्या' म्हणजे कुठं? त्या कपाटात? त्या माळ्यावर? घरी येईपर्यंत तो एक शब्द माझ्या पायात घोटाळत राहिला.

२

तेजश्रीची आणि आमची भिंत एकच. एका विटेची. तिकडं चमचा पडला तरी इकडं कळतं.

तिचा नवरा विक्रम एमआयडीसीत एका जपानी कंपनीत होता. कंपनीनं त्याला ट्रेनिंगला जपानला धाडलं, ही बरोबर गेली, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या बाईपाशी बसून कापड रंगवायला शिकून आली. तिकडं त्याला शिबोरी म्हणतात. पांढरं कापड सुईनं टिपायचं, दोरा ओढून चुण्या पाडायच्या, गच्च बांधायचं आणि निळीत बुडवायचं. जिथं बांधलं तिथं रंग शिरत नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "अगं, ही तर आपली बांधणी!"

"बहीणच म्हणा काकू," ती म्हणाली. "फक्त ही धाकटी फार हट्टी. सोडलं तरी चुणी विसरत नाही."

ही कापडं ती भिंतीवर टांगायला करते. पुण्याच्या हॉटेलांत लावतात म्हणे. आमच्या भिंतीवर कॅलेंडर आणि खंडोबाचा फोटो, त्यामुळं भिंतीला कापड नेसवायचं मला आधी हसूच यायचं. पण एकदा तिनं निळ्यावर पांढरी वर्तुळं असलेलं एक कापड टांगलं, संथ पाण्यावर थेंब पडावेत तसं, आणि मी भाजी गॅसवर ठेवून आलेय हे विसरून तिथंच उभी राहिले.

मागच्या पडवीत भंगारातून आणलेलं मोठं प्लास्टिकचं पिंप होतं, त्यात तिची नीळ. ही नीळ जिवंत असते. तिला कोंडा आणि चुना खाऊ घालावा लागतो, थंडीत पिंपाला गोधडी गुंडाळावी लागते. तेजश्री सकाळी उठली की आधी झाकण उघडून वास घ्यायची. "आज उठलीय," म्हणायची, किंवा "आज झोपलीय." वास कसा? निमोण्याला माझ्या माहेरी आजोबांची मेंढरं होती. पावसात भिजून आली की त्यांच्या अंगाला यायचा, तसा.

विक्रम दिवाळी झाल्यावर एका सकाळी सेफ्टी बूट ठोकत, घसा खाकरत बाहेर पडला, मोटारसायकल काढली, फर्स्ट शिफ्टला गेला. तो आलाच नाही. गाडी दौंड स्टेशनच्या पार्किंगमध्ये सापडली. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली. पाटसहून तिची सासू तुळजाबाई आली, रडली, आणि जाताना उंबऱ्यावर थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मानूस असं उगं जात न्हाई. काय झालंय ते हिलाच ठावं."

तेव्हापासून गल्ली बदलली. तिच्याकडं शिवणकामाला येणाऱ्या दोघीजणी बंद झाल्या. घरमालक आनंदराव वाईट माणूस नाही, पण तोही म्हणायला लागला, "ताई, दुसरीकडं खोली मिळती का बघा." तिचं पिंप घेऊन ती जाणार कुठं? शिरूरला माहेरी भाऊ-भावजय, तिथं तिला बसायला जागा नाही, पिंपाला कुठली मिळणार?

विक्रम सापडला तर ही वाचणार होती. नाही सापडला तर आज ना उद्या तिला इथून उठवणार होते. हे मला दिसत होतं, आणि त्यात आता बानूबाईचं ते अर्धं वाक्य.

३

कोंडा घेऊन गेले तेव्हा ती पुढच्या खोलीत जमिनीवर बसली होती. भोवती पांढऱ्या कापडाचा ढीग. विक्रमचे पांढरे शर्ट उसवून, जोडून तिनं भिंतीएवढं कापड केलं होतं. बाह्या आणि कॉलरी मात्र तशाच ठेवल्या होत्या, कडेनं लोंबत. सगळ्या कापडभर टिपलेल्या, बांधलेल्या बारीक गाठी, हात फिरवला तर देवीचे फोड आल्यासारखं लागत होतं.

"हे कुणाला गं?"

"हे विकायचं नाही काकू. हे घरात."

ती चहा ठेवायला आत गेली. मी बसले, आणि एक बाही माझ्या मांडीवर आली. कॉलरवर त्याच्या मानेची मळकट रेघ अजून होती.

आमच्यात काही हरवलं की बाई पदराच्या टोकाला गाठ मारते. सापडलं की लगेच सोडायची. मी नथ शोधलीय अशी, हरवलेली शेळी शोधलीय. हात आपोआप पदराकडं गेला, तर पदर कुठाय! दुपारची वेळ, उकाडा, मी गाऊनवर आलेली. आता कोण घरी जाऊन लुगडं नेसून येणार? मांडीवर त्याचीच बाही होती. मी तिच्या टोकाला गाठ मारली, माझ्या आईसारखी उलटी, करकचून, आणि मनात म्हणाले, ये रे बाबा.

तेजश्री चहा घेऊन आली. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "गाठ मारलीय बघ. आता येतोय तो."

तिनं सगळं विचारून घेतलं. उलटी म्हणजे कशी, कुठल्या हातानं. मी करून दाखवलं. ती सुई हातात धरून ऐकत होती.

"आणि सोडायची राहिली तर?"

"सोडायची राहत न्हाई. पर आई म्हणायची, राहिली तर शोध थांबत न्हाई."

"गाठ मारायची कशाला? स्वतःच्या पदराला ना?"

"व्हय. आज गाऊन हाय म्हणून…" मी म्हणाले, आणि पहिल्यांदा मला जरा कसंतरी झालं. "थांब, ती सोडते, घरी जाऊन पदराला मारते."

पण त्या गाठींच्या रानात ती मला सापडेना. तेजश्री म्हणाली, "असू द्या काकू. चहा गार होतोय."

४

कापड निळीतून काढताना मी होते. बघण्यासारखं असतं ते. पिंपातून निघतं तेव्हा निळं नसतं, हिरवट पिवळं असतं, उसाच्या कोवळ्या पानासारखं. मग वारा लागला की डोळ्यादेखत रंग फिरतो. कडेनं सुरू होतो, आत सरकतो, आणि चहा संपेपर्यंत सगळं निळं. दर वेळी मी बघायचे आणि दर वेळी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या.

या वेळी सगळं कापड निळं झालं, एक बाही सोडून. ती हिरवीच राहिली.

"वारा कमी लागला असंल," मी म्हणाले.

तेजश्रीनं ती बाही दोन्ही हातांत धरली होती, लहान लेकराचा हात धरतात तशी.

गच्चीवर वाळत घातलं. एप्रिलचं ऊन आमच्याकडं कसं असतं ते सांगायला नको, चादर टाकून वळेपर्यंत वाळते. कापड वाळलं. बाही वाळली नाही. वरच्या खोल्यांत झारखंडची पोरं राहतात कंपनीतली, त्यातला एक म्हणाला, "काकी, वो पानी टपकता रहता है. नल खुला है क्या?" मी वर जाऊन बघितलं. नळ बंद होता. बाहीच्या टोकातून थेंब पडत होता आणि खाली सिमेंटवर हिरवा डाग. मी बघत होते तोवर डाग निळा झाला.

जाड शिवण आहे, पाणी धरून ठेवत असेल, असं मी म्हणाले. स्वतःलाच म्हणाले, दुसरं कुणी नव्हतं तिथं.

५

कापड तिनं पुढच्या खोलीत लावलं, आमच्या सामायिक भिंतीवर, छतापासून फरशीपर्यंत.

मग सकाळी मला खाकरणं ऐकू यायला लागलं.

मी पोळ्या करत होते. भिंतीपलीकडं कुणीतरी घसा खाकरला, तसाच, विक्रम बूट घालायच्या आधी खाकरायचा तसा, शेवटाला जरा खेचून. माझ्या हातातून लाटणं पडलं. आनंदच झाला मला! आला म्हणायचा. आईची गाठ कधी फुकट गेली नाही. मी पिठाच्या हातानं तशीच पळाले.

दाराशी चप्पल एकच जोड. बूट नाहीत. गाडी नाही.

तेजश्रीनं दार उघडलं. केसांत गजरा होता. किती महिन्यांनी.

"आला का गं?"

"कोण काकू?"

"खाकरलं कोण मग?"

"टीव्ही असेल."

टीव्ही बंद होता, त्यावर टाकलेला क्रोशाचा रुमाल हललाही नव्हता. पण मी म्हटलं, पोरीला आत्ताच गवगवा नको असेल. नवराबायकोचं असतं काही. मी परत आले. आमच्या मालकांना, मल्हारीरावांना, सांगितलं, तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुला भिंतीचा बी संशय येतो आता."

पण जिन्यात तो झारखंडचा पोरगा भेटला आणि म्हणाला, "काकी, भैया वापस आ गए? सुबह खाँसते हैं." म्हणजे माझे कान शाबूत होते.

मोरीपाशी ताटं दोन दिसायला लागली. एक खरकटं, एक स्वच्छ. पाणी मात्र दोन्हीत असायचं.

६

मल्हारीराव बहिणीकडं बारशाला दौंडला गेले. दुपारी मी तेजश्रीकडं कोंडा द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं. ती मागं पडवीत पिंप ढवळत होती, काठीचा आवाज येत होता. मी पुढच्या खोलीत थांबले. समोर ते कापड. खाली फरशी ओली. पंखा बंद होता.

तेवढ्यात फोन वाजला. मालकांचा, व्हिडिओवाला. एरवी त्यांना तो लावता येत नाही.

"अगं गिते, बघ कोन भेटलंय! स्टेशनबाहेर वड्याच्या गाड्यावर. पळून चालला हुता, धरून ठिवलाय."

फोनमध्ये विक्रम होता.

खरा विक्रम. वाळलेला, दाढी वाढलेली, एवढ्या उन्हात शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मागं गाडीची अनाउन्समेंट चालली होती.

"काकू, तिला सांगू नका," तो म्हणाला. "मी न्हाई येनार."

"अरे, पोरीचे हाल बघ काय झालेत! लोक काय काय बोलत्यात. तू मेलास असं समजत्यात."

"सकाळी उठून पिपाला इचारायची, उठलीस का, झोपलीस का. मला कवा इचारलं न्हाई, काकू." त्यानं मान खाजवली. कॉलर सरकली. मानेवर पांढरी वर्तुळं होती, एकात एक, कडा चुरगळलेल्या. "आन् आता हे. डॉक्टर म्हंतो कोड हाय. कोड असं येतं का हो? सुईनं टिपल्यागत? रोज नवीन निघतंय. रोज—"

त्याला बोलताना खाकरा आला.

तो आधी समोरून आला. भिंतीकडून. मग फोनमधून.

मी फोनवरून नजर वर केली. कापडाच्या कडेला ती बाही लोंबत होती. टोकाशी फुगलेली होती. बाहीच्या तोंडातून बोटं बाहेर आली होती, चारच, हिरवट पिवळी, ओली. मी हलले नाही. वारा लागून ती नखांपासून निळी होत गेली, नखं, मग पेरं, मग वर. माझ्या हातातल्या पिशवीकडं वळलेली होती. कोंडा मागत असावीत तशी.

"गिते? ए गिते, दिसंना झालीस," फोनमधून मालक म्हणत होते. "पंखा लाव, घामाघूम झालीस की."

मागं पडवीतला काठीचा आवाज थांबला होता.

७

तेजश्री दारात उभी होती. मी बघितलं तर बाही रिकामी, सरळ. ऊन खिडकीतून आत आलेलं, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. भीती वाटावी असं तिथं काहीच नव्हतं, आणि मी कोंड्याची पिशवी छातीशी धरून भिंतीपासून मागं सरकत होते.

"तो दौंडला हाय," मी म्हणाले. "जिवंत हाय. मालकांनी बघितला."

"माहितीये."

"माहितीये? मग जाऊन भेट की त्याला! मी येते बरोबर. समजावू, भांडू, सासूला आणू पाटसहून."

"तो येणार नाही म्हणाला ना, काकू?" तिनं कापडाच्या कडेवरून हात फिरवला, अंगरख्यावरची धूळ झटकावी तसा. "हा नाही म्हणत."

मला रडू फुटलं. "मी गाठ सोडते. माझी चूक झाली. पदराला मारायची ती त्याच्या कापडाला मारली. त्याच्या अंगावर उठतंय गं ते! त्याचं काय व्हायचं?"

"सोडा ना," ती म्हणाली. रागानं नाही. माझ्यासाठी तिनं स्टूलही सरकवलं.

रंगवून झालं की ती सगळे दोरे कापते, हे मला माहीत होतं. म्हणून मला वाटलं होतं, माझी एकच गाठ उरली असेल, लगेच सापडेल. स्टुलावर चढून बाहीला हात लावला तर ती कोमट होती. टोकाशी माझी गाठ होती, उलटी, आईची. दातानं सोडवली. चुणी उलगडली, आत पांढरं वर्तुळ. बाहीतून हवा निघाल्यासारखा बारीक आवाज आला.

"सुटली," मी म्हणाले. "सुटली बघ."

मग माझी बोटं वर सरकली. दुसरी गाठ. ती पण उलटी. तिच्या वर तिसरी. बाहीभर, खांद्याच्या शिवणीपर्यंत, खांद्यावरून कॉलरपर्यंत, निळीनंतर मारलेल्या, कोरड्या, नव्या.

"तुमची एकच होती, काकू," तेजश्री म्हणाली. "बाकीच्या माझ्या आहेत."

मी खाली उतरले. तिनं बाहीचं टोक हातात घेतलं, मी सोडलेलं, आणि सावकाश परत गाठ मारली. डाव्या हातानं आधी, मग उजव्या. मग माझ्याकडं दाखवली.

"अशीच ना?"

तशीच होती. मीच शिकवलेली.

८

मालक पुढच्या वेळी दौंडला गेले ते मी सांगितलं म्हणून. वड्याच्या गाड्यावर दुसराच माणूस होता. तो म्हणाला, "विक्रम व्हय? भर दुपारी कढई उकळत ठिवून गेला. चप्पल बी हितंच सोडली. कुठं गेला काय म्हाईत." चप्पल दाखवली त्यानं. आत ओली होती, डाग पडलेली, मालक म्हणाले. मी डाग कसला ते विचारलं नाही.

तुळजाबाईला फोन करायला मी रोज फोन उचलते. काय सांगू तिला? तुमचा लेक सापडला म्हणू, का हरवला म्हणू? पोलिसांना काय सांगू? तेजश्रीच्या घरी येऊन बघा म्हटलं तर त्यांना भिंतीवर एक कापड दिसेल. सुंदर आहे. आनंदराव भाडं घ्यायला आला होता, तो बघत उभा राहिला आणि खोली सोडायचं बोलायलाच विसरून गेला. आता कुणी तिला उठवत नाही. मला हवं होतं ते झालंय.

घरी मी आता गाऊन घालत नाही. उकडलं तरी लुगडंच. सकाळी खाकरणं ऐकू येतं, बूट ठोकल्याचंही येतं, आणि मी पोळी लाटत राहते.

काल गिरणीत गेले. गर्दी नव्हती. लाईट होती, पट्टा गरगरत होता, म्हणून बानूबाई माझ्या कानाशी ओरडून बोलत होती. तिच्या पोटात ते किती दिवस राहणार?

"गिताबाई, तू म्हनून सांगते, कुनाला बोलू नको! त्या तेजश्रीचा नवरा कुठं गेला न्हाई. घरातच हाय. त्या निळीच्या पिपात घातलाय तिनं!"

मी पिशव्या पुढं केल्या. या वेळी तेजश्रीनं दोन सांगितल्या होत्या.

"पिपात न्हाई," मी म्हणाले.

बानूबाई हसायला लागली. तिला वाटलं, मी थट्टा केली.